"आप्पा, आज वार कोणता?" : आजी-आजोबांचं विसरणं समजून घेताना



२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन आणि १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. या दिवसांत आपल्या शाळांमधून आजी-आजोबा मेळावे होतात. मुलं त्यांना ओवाळतात, पाया पडतात, संगीत खुर्ची होते, फोटो निघतात. हे सगळं छानच आहे. पण जे आजी-आजोबा मेळाव्याला येऊच शकत नाहीत, ज्यांना घरातले लोकच "नको, तिथं काहीतरी बोलून बसतील" म्हणून घरी ठेवतात, त्यांच्याविषयी आपण मुलांशी कधी बोलतो का? मी तरी गेल्या वर्षापर्यंत बोलले नव्हते. आणि माझ्या स्वतःच्या घरात तसे एक आजोबा होते.

आजच्या लेखात म्हातारपणातलं विसरणं आणि त्यासोबत येणारी उदासी या दोन गोष्टी समजून घेऊया. माझ्याकडून काय चुकलं तेही सांगते, म्हणजे तुमच्या घरी ते टळेल.

घडलं ते असं

माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय ७६. आमचं घर हडपसरमध्ये. इथली जुनी माणसं सांगतात त्याप्रमाणे हा सगळा भाग भाजीच्या मळ्यांचा होता. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर निघायचा. आप्पांच्या वडिलांचाही कालव्याजवळ छोटा मळा होता. पुढे जमीन गेली, आप्पा इथल्याच एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

तीन वर्षांपूर्वी बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. चहा पिऊन झाला की दहा मिनिटांनी, "अगं, आज चहा नाही का?" मंडईत पाचशेची नोट देऊन उरलेले पैसे न घेताच परत यायचे. एकच प्रश्न चार वेळा. घरात आम्ही म्हणायचो, "वय झालं." एका डॉक्टरांना दाखवलं, तेही तेच म्हणाले.

मग मी माझ्या पद्धतीने इलाज सुरू केला. मी पडले शिक्षिका! विसरतोय ना, मग उजळणी घ्यायची. स्वयंपाकघराच्या दाराशी एक छोटा पांढरा फळा लावला आणि रोज सकाळी आप्पांना समोर बसवून विचारायला लागले. "आप्पा, आज वार कोणता? महिना कोणता? काल रात्री आपण काय जेवलो?" चुकलं की दुरुस्त करायचं. शेजारी माझा दुसरीतला मुलगा गृहपाठ करत बसलेला असायचा. कधीकधी उत्तर तोच सांगून टाकायचा आणि हसायचा. मला वाटायचं, मी किती मनापासून करतेय.

दोन महिन्यांत आप्पा हॉलमध्ये बसेनासे झाले. विचारलं तर "माहीत नाही" एवढंच म्हणायचे. जेवण कमी झालं. टाळ खुंटीला तसेच लटकत राहिले. आम्हाला वाटलं, आजार वाढला.

आणि मग मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आप्पा घरातून नाहीसे झाले.

त्या अडीच तासांबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना कळेल. माझे मिस्टर गाडीतळाकडे, दीर ससाणेनगरकडे, मी आणि शेजारच्या काकू कालव्याच्या कडेकडेने. कालव्याला पाणी होतं. प्रत्येक वाकलेल्या माणसाकडे बघत मी चालले होते आणि पाण्याकडे बघायचं मात्र टाळत होते.

आप्पा सापडले ते एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीत बसलेले. हातात चहाचा कागदी कप. वॉचमन मराठवाड्यातला, स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याने सांगितलं, आप्पा आले आणि म्हणाले, "कालव्याला पाणी सोडलंय, दारं धरायला आलोय." एरवी कुणी म्हटलं असतं, "आजोबा, इथं कुठं शेत आहे? घरी जा." तो म्हणाला, "काका, पाळी रात्रीची आहे. अजून येळ आहे पाण्याला. तोवर बसा, चहा घ्या." मग त्याने आप्पांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो आमच्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचला.

नंतर मिस्टरांनी सांगितलं, आजोबांचा मळा साधारण तिथंच होता. म्हणजे आप्पा रस्ता चुकलेच नव्हते. ते बरोबर पत्त्यावर गेले होते, फक्त पन्नास-साठ वर्षं मागे.

त्या रात्री झोप आली नाही. डी.एड. झालेल्या, बालमानसशास्त्र शिकलेल्या मला जे दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते त्या भल्या माणसाला दोन मिनिटांत जमलं होतं. तो आप्पांची परीक्षा न घेता त्यांच्याशी बोलला होता.

स्मृती कशी चालते? थोडी उजळणी आपलीच

डी.एड.ला आपण सगळ्यांनीच स्मृतीचे प्रकार पाठ केलेत. अल्पकालीन, दीर्घकालीन, वगैरे. परीक्षेनंतर ते पुस्तक मिटलं ते मिटलंच. आता आप्पांमुळे पुन्हा उघडलं.

वर्गातल्या उदाहरणाने सांगते. फळ्यावर लिहिलेलं तास संपला की पुसलं जातं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं तरच टिकतं. आपल्या मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. फळ्यावरचं वहीत उतरवण्याचं काम मुख्यतः तो करतो. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा याच भागावर आणि त्याच्या आसपास आधी घाला पडतो. अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिनं चुकीच्या पद्धतीने साठत जातात आणि पेशी मरायला लागतात. दिसण्याजोगी लक्षणं येतात त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून हे चालू असतं.

म्हणजे बघा, आप्पा सकाळचा चहा "विसरले" हा शब्दच बरोबर नाही. तो चहा वहीत उतरलाच नव्हता. आणि मी रोज त्यांना त्या कोऱ्या पानावरचे प्रश्न विचारत होते! न शिकवलेल्या धड्यावर चाचणी घेतली तर मूल काय करेल? आधी अंदाज करेल, मग गप्प बसेल, मग शाळा टाळेल. आप्पांनी अगदी तेच केलं.

याउलट वहीतली जुनी पानं बराच काळ शाबूत राहतात. नवं आधी जातं आणि जुनं नंतर, हे फ्रान्समधल्या थिओड्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणून मगरपट्टा, उड्डाणपूल, टॉवर हे आप्पांना परके वाटतात आणि मळ्याची वाट पाठ असते. संध्याकाळ झाली की अनेक वृद्ध "मला घरी जायचंय" असा हट्ट धरतात. ते घर बऱ्याचदा लहानपणीचं असतं.

आणखी दोन गोष्टी टिकतात. एक, हातांची स्मृती. आप्पांना वार सांगता येत नाही, पण नटबोल्ट हातात दिला की आटे बरोबर बसवतात. टाळ दिले की ताल चुकत नाही. दुसरी, भावना. का रागावलं ते आठवत नाही, पण कुणीतरी आपल्याला रागावलं याचं वाईट वाटणं मात्र मागे उरतं. माझे प्रश्न आप्पा पाच मिनिटांत विसरायचे. झालेला अपमान राहायचा.

डिमेंशिया, अल्झायमर म्हणजे नेमकं काय?

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, म्हणून थोडं स्पष्ट करते. डिमेंशिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे लक्षणांच्या समूहाचं नाव आहे. स्मरण, विचार, भाषा, निर्णय यांवर परिणाम होऊन रोजचे व्यवहार अडायला लागतात तेव्हा त्याला डिमेंशिया म्हणतात. त्याची कारणं अनेक. सर्वांत मोठं कारण अल्झायमर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डिमेंशियाच्या ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तेच असतं. दुसरं महत्त्वाचं कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार. त्यात बीपी, शुगर, लहानमोठे पक्षाघात हे सगळं येतं.

अल्झायमर हे नाव एका जर्मन डॉक्टरांचं. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्ट डेटर नावाच्या बाई दाखल झाल्या. डॉ. अलॉइस अल्झायमर त्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायचे. एकदा त्या जेवत असताना त्यांनी विचारलं, काय खाताय? ताटात फ्लॉवर आणि मांस होतं, बाईंनी सांगितलं पालक. १९०६ मध्ये त्या वारल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूचा अभ्यास करून तो मांडला आणि १९१० पासून या आजाराला त्यांचं नाव मिळालं.

आपल्याकडे किती? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेंशियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. शंभर आजी-आजोबांमागे सात. आपल्या एका शाळेच्या पटाचा विचार केला तरी हा विषय किती घरांत असेल बघा.

साधा विसराळूपणा कोणता आणि काळजीचा कोणता?

- चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं साधं. चष्मा फ्रिजमध्ये सापडणं आणि तो तिथं कसा गेला हे कळतच नसणं काळजीचं.
- ओळखीच्या माणसाचं नाव पटकन न सुचणं साधं. नातवालाच "तू कुणाचा?" विचारणं काळजीचं.
- तारीख चुकणं साधं. सकाळ की संध्याकाळ, उन्हाळा की पावसाळा याचा गोंधळ काळजीचा.
- नवा मोबाइल न जमणं साधं. चाळीस वर्षं केलेली आमटी कशी करायची तेच न सुचणं काळजीचं.

असं काही सहा महिने, वर्षभर वाढत चाललेलं दिसलं तर "वय झालं" यावर थांबू नका. आम्ही थांबलो, दीड वर्ष गेलं.

विसरणं की उदासी?

हा भाग कृपया नीट वाचा.

आप्पांना शेवटी सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी रक्ताच्या तपासण्या, मेंदूचा स्कॅन, सविस्तर बोलणं, सगळं केलं. मग म्हणाले, "स्मृतिभ्रंश आहे, सुरुवातीच्या टप्प्यातला. पण त्याच्यावर उदासीही बसली आहे. आणि बी-१२ खूप कमी आहे." तीन गोष्टी, आणि आम्ही सगळ्याचं खापर एकीवर फोडत होतो.

म्हातारपणीची उदासी, म्हणजे नैराश्य, आपल्याला ओळखू येत नाही, कारण ती रडत नाही. ती "गुडघे दुखतात", "भूक नाही", "झोप नाही", "कशाला बोलवता मला" अशी बोलते. जोडीदार गेला, नोकरी संपली, ऐकू येईनासं झालं, घरात कुणी बोलत नाही, अशा वेळी ती येते. आणि नैराश्याने स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. त्यामुळे नुसतं नैराश्य असलेल्या माणसालाही लोक स्मृतिभ्रंश समजतात.

ढोबळ फरक असा. नैराश्य काही आठवड्यांत-महिन्यांत दिसायला लागतं आणि माणूस स्वतःच तक्रार करतो, "मला काही आठवत नाही, मी निकामी झालो." स्मृतिभ्रंश हळूहळू, वर्षांच्या हिशोबाने येतो आणि माणूस बहुधा तो झाकतो, हसून वेळ मारून नेतो. पण दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान आपण करायचं नाही. ते डॉक्टरांचं काम.

तिसरी गोष्ट सगळ्यांत तातडीची. काल-परवापर्यंत ठीक असलेले आजोबा एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले, माणसं ओळखेनात, नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवीन औषध, पडून डोक्याला लागलेला मार यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बी-१२ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं, काही औषधांचे परिणाम, नैराश्य या सगळ्यांवर उपचार आहेत. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. काही औषधांनी लक्षणं काही काळ थोडी सावरतात. पण उपचार होण्यासारखं जे आहे ते तपासलंच नाही, असं होऊ नये. आप्पांचं विसरणं थांबलेलं नाही. उदासी मात्र चार-पाच महिन्यांत ओसरली. ते पुन्हा हॉलमध्ये येऊन बसतात.

आपल्या पेशाशी याचा थेट संबंध आहे

हे वाचून मलाही आश्चर्य वाटलं होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये डिमेंशियाची १४ अशी कारणं सांगितली ज्यांवर काही करता येतं. ती सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के डिमेंशिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, व्यायाम नसणं, डोक्याला मार, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण. आणि आयुष्याच्या सुरुवातीच्या काळातलं कारण कोणतं? कमी शिक्षण.

लहानपणी मेंदू जितका वापरला जातो, तितकी त्याची शिल्लक वाढते. म्हातारपणी झीज सुरू झाली की ती शिल्लक कामी येते. अमेरिकेत १९८६ मध्ये ६७८ जोगिणींवर एक अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या बऱ्याच जणी शिक्षिका होत्या. त्यांनी तरुणपणी, विशीच्या आसपास, स्वतःविषयी लिहिलेले निबंध मठात जपून ठेवलेले होते. ज्यांच्या लेखनात विचारांची गर्दी जास्त होती, त्यांच्यात साठ वर्षांनी अल्झायमर कमी आढळला.

आपल्या देशातल्या त्या २०२३ च्या अभ्यासातही स्त्रियांमध्ये आणि न शिकलेल्यांमध्ये प्रमाण जास्त दिसलं. ज्या मुलींना पाटी-पेन्सिल मिळाली नाही, त्याच आज आजी झाल्यात. म्हणून चौथीतल्या एखाद्या मुलीची गळती आपण थांबवतो, तेव्हा ते काम तिच्या सत्तरीपर्यंत पोहोचत असतं.

पण शिक्षण म्हणजे कवच नव्हे, हेही लक्षात ठेवूया. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३ चा मराठी चित्रपट जमलं तर जरूर बघा. त्यातले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, तरी अल्झायमर होतोच. मुलगी गाडीतून थोड्या वेळासाठी उतरते आणि ते एका हत्तीच्या मागे निघून जातात. ही भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती बाई त्यांना नाव-गाव विचारत बसत नाही, जीव लावते. मला तो वॉचमन आठवला.

घरी काय करता येईल?

१. परीक्षा घेऊ नका, उत्तर देऊन टाका. "ओळखा बरं कोण आलंय?" ऐवजी "आप्पा, आत्या आल्यात बघा, सासवडहून." फळा आमच्याकडे अजूनही आहे. फक्त त्यावर आता प्रश्न नसतो. "आज मंगळवार. सून शाळेत गेली आहे, दोन वाजता येईल." एवढंच असतं.

२. वाद घालू नका. गेलेल्या बायकोला शोधणाऱ्या आजोबांना दर वेळी "त्या गेल्या" म्हणून सांगणं म्हणजे दर वेळी नव्याने सुतक. "तुम्हाला त्यांची आठवण येते ना? कशा होत्या हो त्या?" असं विचारा.

३. एका वेळी एकच गोष्ट. "आंघोळ करून कपडे बदलून जेवायला या" ही तीन कामं झाली. एकेक सांगा, समोर येऊन, शांतपणे.

४. काम काढून घेऊ नका. आप्पा मेथी निवडतात, लसूण सोलतात. कधी काड्याच भाजीत येतात. चालतं.

५. सुरक्षा बघा. गॅसचा कॉक, बाथरूममधली ओल, रात्रीचा दिवा. खिशात नाव आणि घरचे दोन मोबाइल नंबर लिहिलेलं कार्ड. आमच्या आप्पांच्या खिशात त्या दिवशी ते नव्हतं. अलीकडचा फोटो फोनमध्ये ठेवा. शेजारी, रिक्षावाले, दुकानदार यांना सांगून ठेवा. आम्ही लाजेने सांगितलं नव्हतं. माणूस हरवला तर वाट बघू नका, लगेच ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात जा. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे.

६. औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका, झोपेची गोळी तर अजिबात नको.

वर्गात काय करता येईल?

गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी मधल्या सुट्टीत रडत होती. मुलं चिडवत होती, "हिची आजी वेडी आहे, गॅलरीतून ओरडते." आधीची मी असते तर चिडवणाऱ्यांना उभं करून सोडून दिलं असतं. त्या दिवशी मी वर्गात आप्पांची गोष्ट सांगितली. आजोबा पाणी द्यायला मळ्यात गेले, पण मळा कुठंच नव्हता. वर्ग एकदम शांत. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग त्यांना भीती वाटली असेल ना?" मी म्हटलं, हो, तसंच वाटतं त्यांना.

मग आम्ही हे उपक्रम घेतले. तुम्हीही घेऊ शकता.

- आठवणींची पेटी : प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची. अडकित्ता, मापटं, कंदील, जुना रेडिओ, पितळी डबा. त्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहायच्या.
- पूर्वीचं गाव : आपला परिसर पूर्वी कसा होता याचा आजी-आजोबांनी सांगितलेला नकाशा काढायचा. गाडीतळ हे नाव कशावरून, कालव्याकाठी काय पिकायचं, शाळेच्या जागी आधी काय होतं. परिसर अभ्यासाला हा पाठ चांगला जोडता येतो.
- नाट्यीकरण : आजोबा तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतात. नातू कसा बोलेल? दोन पद्धतींनी करून दाखवा. मुलं स्वतःच चांगली पद्धत निवडतात.
- शब्दांचा नियम : वेडा, खुळा, भ्रमिष्ट हे शब्द वर्गात नाहीत. "आजीच्या मेंदूला आजार झालाय, जसा पायाला होतो तसा" हे वाक्य मुलांना सहज कळतं.

दोन गोष्टी मुलांना आवर्जून सांगा. हा आजार शिवल्याने होत नाही. आणि आजी ओरडली, नाव विसरली, तर तो तुझा दोष नाही. तसंच, लहान मुलावर आजी-आजोबांना सांभाळायची जबाबदारी टाकू नका. सोबत वेगळी आणि राखण वेगळी.

त्या मुलीची आई पालकसभेनंतर थांबली. म्हणाली, "बाई, आम्ही दोन वर्षं कुणाला घरी बोलावलं नाही." पुढच्या आठवड्यात त्या आजींना तपासायला घेऊन गेल्या. त्यांना ऐकूच येत नव्हतं नीट. गॅलरीतून ओरडायच्या कारण स्वतःचा आवाज कळत नव्हता. विसरणंही आहे, पण कानाचं यंत्र बसल्यावर ओरडणं बरंच कमी झालं.

आणि जो सांभाळतो त्याचं काय?

शेवटी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरी आप्पांना सगळ्यांत जास्त सांभाळतात त्या माझ्या सासूबाई. मी सकाळी शाळेत जाते, मिस्टर कामावर. रात्री आप्पा तीन वेळा उठतात, तर सासूबाई चार वेळा. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "अगं, मला पण विसरायला होतंय, चांगलं होईल." हसून म्हणाल्या, पण मी हादरले. सांभाळणाऱ्या माणसालाच नैराश्य येणं ही फार सामान्य गोष्ट आहे आणि आपल्याकडे तो माणूस बहुतेक वेळा घरातली बाई असतो.

आता आमच्याकडे नियम आहे. आठवड्यात दोन संध्याकाळी सासूबाई भजनाला जातात आणि आप्पा मुलाकडे, म्हणजे माझ्या मिस्टरांकडे. सुनेकडे नाही! पुण्यात ठिकठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ, महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, त्यांचा उपयोग करा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा नंबर १४४१६, दोन्ही मोफत आहेत. दोन्ही नंबर शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवा. विचारायला लाजणारी माणसं तिथूनच उतरवून घेतात.

यंदा पालखीच्या दिवशी आप्पांना गाडीतळाजवळ खुर्ची टाकून बसवलं होतं. हडपसरातून माउलींची पालखी दिवेघाटाकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. आप्पांनी हे लहानपणापासून बघितलेलं. दिंडीतल्या एकाने त्यांच्या हातात टाळ दिले. अर्धा तास वाजवत होते. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कोण हो? शाळेतल्या बाई का?"

मी म्हटलं, "हो आप्पा, शाळेतलीच."

"चांगल्या आहात," म्हणाले आणि परत टाळ वाजवायला लागले.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी असे कुणी आप्पा, असं कुणी आजी असतील तर या आठवड्यात त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसून बघा. काही विचारू नका, त्यांच्या जुन्या गावाला फक्त सोबत जाऊन या. आणि तपासणी राहिली असेल तर तेवढी लवकर करून घ्या.



आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, हडपसर, पुणे